पिवळी काच, लाल काच आणि बडोद्याचं ऊन

जुन्या मराठी घरांत भिंतीवर टांगलेले पणज्या-खापरपणज्यांचे फोटो कधी जवळ जाऊन पाहा. नऊवारी, नथ, खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून ताठ उभी राहिलेली बाई, आणि कपाळावर काळं कुंकू. कुंकू काळं नव्हतंच, लालच होतं. फोटोच्या काचेला ते दिसलं नाही, एवढंच. त्या काळी फिल्मऐवजी ज्या काचेच्या प्लेटा वापरत, त्यांना निळा उजेड भरपूर दिसायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून लाल शालू काळा, लाल पागोटं काळं, आणि उघड्यावर काढलेला फोटो असेल तर निळंभोर आभाळ पार पांढरं, ढगाचा मागमूस नसलेलं.

१८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला आढळलं, की प्लेटेवरच्या थरात काही रंगद्रव्यं मिसळली की तिला हिरवा-पिवळा उजेडही दिसायला लागतो. पुढे १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने सगळे रंग पाहणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आणल्या. याच कंपनीने रंगीत फिल्टरही, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या रंगीत काचाही, बनवले. १९१२ मध्ये कोडॅकने ती विकत घेतली, पण फिल्टरचे नंबर आजही तिच्याच नावाने चालतात. दुकानात '८ नंबरचा पिवळा' किंवा '२५ नंबरचा लाल' मागता ना, तो नंबर रॅटनचा.

आजची कृष्णधवल फिल्म लाल पाहते, हिरवा पाहते, सगळं पाहते. तरी निळ्याकडे तिचा ओढा आपल्या डोळ्यापेक्षा थोडा जास्तच राहिला आहे. फिल्मवर नव्याने फोटो काढू लागलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतो: आभाळ इतकं छान होतं, मग फोटोत कोरं का आलं? त्याचं उत्तर या ओढ्यात आहे.

हा विषय सध्या घरात आला तो माझ्या भाचीमुळे. अण्णांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, यशिका कॅमेरा कपाटातून निघाला, झडप (शटर) चालते हे दुरुस्तीवाल्याने पाहून दिलं, आणि ती पहिलंच विचारती झाली, "आत्या, फिल्टर कोणता घेऊ?" तिच्याजवळ यादी तयार होती. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा, निळा, ध्रुवीकरणाचा, शिवाय दिव्यांच्या चांदण्या करणारा आणि अर्धा भाग रंगीत, अर्धा कोरा असलेला. मी तिला म्हटलं, पहिला रोल काहीही न लावता काढ. तिचा चेहरा उतरला, पण मी हे मनापासून म्हणत होते. फिल्टरने काय बदललं हे कळायला आधी फिल्टरवाचून काय होतं ते पाहिलेलं असायला हवं. आणि पहिल्या रोलमध्ये शिकायची गोष्ट वेगळीच असते. ऊन कुठून येतंय, सावली कुठे पडतेय, आणि त्या दोहोंत किती अंतर आहे.

आमच्या बडोद्याला तर हा धडा नवा नाही. आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा इथेच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा. १२० ची फिल्म, रोलमागे १२ चौकोनी फोटो. त्यावर ना उजेड मोजणारा मीटर, ना झडपेच्या वेगांची लांबलचक रांग. उन्हाचं चित्र आणि ढगाचं चित्र, यातलं एक निवडायचं. साठ-सत्तरच्या दशकांत देशभरच्या मुंजी, सहली, पहिली सायकल या कॅमेऱ्याने टिपली. तो वापरणाऱ्याला ऊन ओळखावंच लागायचं, कारण बाकी काही हातात नसायचं. हातात पर्याय कमी असणं नवशिक्याला फायद्याचं पडतं असं मला अजूनही वाटतं.

ऊन ओळखायचं म्हणजे काय? भर उन्हात आयएसओ ४०० ची फिल्म असेल (हा आकडा फिल्मला उजेड किती चटकन दिसतो त्याचा) तर शटर १/५०० सेकंदावर आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ/१६ वर; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं. आयएसओचा आकडा आणि शटरचा आकडा जवळपास सारखे, ॲपर्चर सोळा. हा हिशेब सगळ्या जगात चालतो. ढगाळ असेल तर एफ/८, दाट सावलीत तीन-चार स्टॉप उघडायचं. एक स्टॉप उघडला की उजेड दुप्पट, एक मिटला की निम्मा. एवढं पाठ असलं की मीटरची बॅटरी संपली तरी रोल वाया जात नाही.

पण एफ/१६ चं ऊन सगळं सारखं नसतं. बडोदं साधारण २२.३ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. जानेवारीच्या मध्याला भर दुपारी बारा-साडेबारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांच्या आसपासच चढतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो शब्दशः डोक्यावर असतो. मीटर दोन्ही वेळा तोच आकडा दाखवील, फोटो मात्र दोन जगांतले येतील. जूनमधल्या दुपारी माणसाच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते, आणि ओठाखाली अंधार. जानेवारीत तेच ऊन तिरपं येऊन गालावर बसतं. मी नवशिक्यांना सांगते, शक्य असेल तर दिवाळी ते होळी या दिवसांत सुरुवात करा. उन्हाळ्यात काढायचेच असतील तर सकाळी नवाच्या आत, नाहीतर संध्याकाळी. त्यामधल्या वेळात ओटा शोधा.

ओटा खरंच शोधा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत जुन्या घरांचे जे थोडे ओटे उरलेत, तिथे माणसाचा फोटो काढून पाहा. वर पत्रा किंवा सज्जा असतो, त्यामुळे वरून ऊन येत नाही. समोरच्या गल्लीत किंवा पलीकडच्या पांढऱ्या भिंतीवर पडलेलं ऊन उलटून चेहऱ्यावर येतं. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसतो. माणूस उंबऱ्याजवळ, उजेडाच्या कडेला बसला तर चेहरा जिवंत. तोच दोन हात आत सरकला तर चेहरा सपाट आणि मागे अंधार. यात कॅमेऱ्याचं काहीच बदललेलं नसतं. भाचीला मी तासभर एकाच ओट्यावर बसवलं, आणि शेजारच्या काकूंना फक्त मान हळूहळू वळवायला सांगितली. मान गल्लीकडून भिंतीकडे वळते तशी नाकाची सावली गालावर सरकत जाते, आणि एका जागी दूरच्या गालावर उजेडाचा छोटासा त्रिकोण राहतो. तो तिला दिसला तेव्हा ती एकदम गप्प झाली. शटर दाबायचंही विसरली.

याच शहरात राहिलेल्या ज्योती भट्ट यांचे फोटो पाहायला मिळाले तर सोडू नका. १९३४ चा जन्म, बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत इंदूरच्या ना. श्री. बेंद्रे यांचे विद्यार्थी, मूळचे चित्रकार. खेड्यापाड्यांतल्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, दारं, आणि ते सगळं करणाऱ्या बाया त्यांनी वर्षानुवर्षं कृष्णधवल फिल्मवर टिपल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत मी आधी नक्षी पाहत नाही, उजेड कुठून येतोय ते पाहते. मातीच्या भिंतीवर बोटाने उठवलेली नक्षी समोरून आलेल्या उजेडात दिसतच नाही. उजेड भिंतीला घासून आला तरच तिचा उठाव कळतो. कुठलाही फिल्टर हे काम करू शकत नाही.

घराच्या आतही नियम हेच, फक्त उजेड कमी. खिडकी जितकी मोठी आणि माणूस तिच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा किंवा धुतलेली चादर धरली की गालाची काळी बाजू उघडते. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तमच, तिच्यातून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, त्यामुळे उजेड तासन्‌तास एकसारखा राहतो. दिव्याचं मात्र वेगळं आहे. उघड्या बल्बपासून माणूस १ मीटरवरून २ मीटरवर गेला तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. खोलीत माणूस दोन पावलं मागे गेला आणि फोटो काळा आला, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

इतकं झालं की मग काचेकडे वळू.

फिल्टर फोटोला काही देत नाही, तो अडवतो. पिवळी काच निळा उजेड अडवते आणि बाकीचा जाऊ देते. लाल काच निळा आणि हिरवा दोन्ही अडवते. म्हणजे फिल्टर निवडताना 'मला काय हवं' हा प्रश्न अपुरा आहे. 'मी काय सोडायला तयार आहे' हे ठरवायचं असतं, आणि त्याची किंमत दर वेळी उजेडात मोजावी लागते. ८ नंबरचा पिवळा एक स्टॉप खातो, २१ नंबरचा नारिंगी दोन, २५ नंबरचा लाल तीन. ४०० ची फिल्म पिवळ्या काचेमागे २०० सारखी वागते, नारिंगीमागे १०० सारखी, लालमागे ५० सारखी. भर उन्हात १/५०० ला एफ/१६ होतं, ते पिवळ्याने एफ/११ झालं आणि लालने एफ/५.६. ऊन उतरायला लागलं, की लाल काच लावून हातात कॅमेरा धरणं कठीणच.

हे समजायला उत्तरायणाइतका चांगला दिवस बडोद्यात दुसरा नाही. १४ जानेवारी, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण. शहर गच्च्यांवर असतं. तिळगूळ आपला, उंधियु-जिलबी त्यांची, म्हणजे दोन्ही आपलंच. आभाळभर रंगीत कागद, मागे निळं, आणि तिरपं ऊन. पण कृष्णधवल रोल घालून सरळ फोटो काढलात तर घोर निराशा होते. लाल पतंग मधल्याच करड्या रंगाचा, हिरवा पतंग मधल्याच करड्या रंगाचा, आभाळही फिकट करडं. डोळ्याला रंगांमुळे वेगळे वाटणारे पतंग फिल्मवर आभाळात बुडून जातात.

आता एक गोष्ट करा. नाटकाच्या दिव्यांवर लावतात तो जिलेटिन कागद लाल, पिवळा आणि हिरवा असा आणा. एक डोळा मिटून दुसऱ्यासमोर लाल तुकडा धरा आणि आभाळाकडे बघा. सूर्याकडे चुकूनही नको. रंग विसरा, फक्त कोण उजळलं आणि कोण काळवंडलं तेवढं बघा, आणि तेही चटकन, कारण थोड्या वेळात डोळा त्या रंगाला सरावतो. लाल तुकड्यातून आभाळ काळं पडेल आणि लाल पतंग पांढऱ्याइतकाच झगमगेल. इतका, की पांढऱ्या पतंगावर मधोमध लाल ठिगळ असेल तर ते ठिगळच नाहीसं होईल, पतंग नुसता पांढरा दिसेल. लगेच हिरवा तुकडा धरा. तेच ठिगळ काळं होऊन उमटेल. पिवळ्यात आभाळ थोडंसं खाली बसेल, ढग असतील तर वर येतील, ठिगळ ठिगळच राहील. पाच मिनिटांत हातात कॅमेरा न घेता जे कळतं, ते फिल्टरच्या जाहिराती वाचून कळत नाही. गच्चीवर शेजारची सगळी पोरं रांग लावून ते तुकडे मागत होती.

हे पाहून बहुतेकांना लाल काच आवडते, भाचीलाही आवडली. काळं आभाळ, त्यावर पांढरे पतंग, कोणाला नाही आवडणार? पण गच्चीवर पतंगांखाली माणसंही असतात. लाल काच चेहऱ्यांचं काय करते ते पाहायला हवं. ओठ गालात मिसळतात, कुंकू कपाळावरून पुसलं जातं, गोऱ्या माणसाचा चेहरा पिठूळ दिसतो. शिवाय निरभ्र दिवशी सावलीत जो उजेड असतो तो बहुतेक निळ्या आभाळाकडूनच आलेला असतो. लाल काच तो निळाही अडवते, म्हणून सावल्या कोळशाच्या होतात. टोपीखालचे डोळे गेलेच म्हणून समजा. नुसते पतंग, नुसतं आभाळ, सयाजीबागेतल्या झाडांमागे उठलेला पावसाळी ढग, याला लाल चालेल. माणूस आला की पिवळा. माणूस आणि झाडी दोन्ही असतील तर ११ नंबरचा पिवळा-हिरवा, तो त्वचेला आणि पानांना दोघांना मानवतो, पण दोन स्टॉप घेतो.

एक गोष्ट मात्र कोणतीच काच करणार नाही. मुळात निळं नसलेलं आभाळ ती गडद करू शकत नाही. हिवाळ्यात सकाळी कोयलीच्या रिफायनरीच्या बाजूला पाहा, क्षितिजापाशी आभाळ दुधट असतं, वर गेल्यावर निळं होतं. पिवळी काच लावल्यावर वरचा भाग खाली बसतो, क्षितिज पांढरंच राहतं. पूर्ण ढगाळ दिवशी तर काच काढून ठेवा, उगाच एक स्टॉप घालवण्यात अर्थ नाही. याउलट पावसाळ्यात दोन सरींच्या मधे, धूळ धुऊन गेल्यावर, जे निळं उघडतं आणि त्यात पांढरे ढग फिरतात, तिथे पिवळी काच जे करते ते पाहून मन भरून येतं.

मीटरबद्दल दोन शब्द. कॅमेऱ्यातला मीटर लेन्समधून येणारा उजेड मोजत असेल तर पिवळ्या काचेचा हिशेब तो आपोआप करतो, त्यावर विसंबा. लालला विसंबू नका. जुन्या मीटरच्या पेशींना लाल उजेड फिल्मपेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे मीटर 'पुरे' म्हणतो आणि उजेड कमी पडून निगेटिव्ह पातळ येते. लाल लावायचा तर आधी काच न लावता मोजा, तीन स्टॉप उघडा, मग काच बसवा. फोकसही आधीच करून घ्या, लाल अंधारात तो नीट कळत नाही. हातातल्या किंवा मोबाइलमधल्या मीटरला तर काचेची खबरच नसते, तिथे प्रत्येक फिल्टरचे स्टॉप तुम्हीच मोजायचे. आणि आभाळाकडे तोंड करून मोजू नका. ज्या उन्हात माणूस उभा आहे त्याच उन्हात आपला तळहात धरा, त्यावर मोजा, एक स्टॉप जास्त द्या.

रंगीत फिल्मची गोष्ट वेगळी. तिच्यावर पिवळी-लाल काच लावली तर अख्खा फोटो पिवळा-लाल होईल. रंगीत निगेटिव्हला दिवसाच्या उजेडात खरंतर काहीच लागत नाही. उत्तरायणालाच आणखी एक करून पाहा. त्या दिवसांत आमच्याकडे वारा बहुतेक उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो, म्हणून आपल्या गच्चीवरून सोडलेला पतंग दक्षिणेला, म्हणजे सूर्याच्या बाजूला जातो. पातळ कागदातून ऊन आरपार येतं, कामट्यांची कमान कागदावर रेघेसारखी उठते, रंग आतून पेटतात. इथे रंगीत रोल हवा आणि काच कोरी हवी. रक्षणासाठी लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टरसुद्धा काढून टाका, समोरून ऊन आलं की तो मधे धुरकट डाग आणतो. लेन्सला हूड लावा. मीटर समोरच्या झगझगाटाला फसून फोटो काळा करू पाहील, त्याच्यापेक्षा एक-दीड स्टॉप जास्त द्या. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड प्रेमाने सोसते, कमी पडलेला सोसत नाही. स्लाइड फिल्मचं, म्हणजे जिच्यावर थेट रंगीत चित्र उमटतं तिचं, याच्या नेमकं उलट, म्हणून नवशिक्याने तिच्या वाटेला सध्या जाऊ नये.

कृष्णधवल पतंगांसाठी पाठ फिरवून उत्तरेला बघा. दुसऱ्यांच्या गच्च्यांवरचे पतंग तिकडून आपल्या दिशेने येतात, त्यांच्यावर ऊन समोरून पडलेलं असतं. आणि दुपारी याच बाजूला ध्रुवीकरणाचा फिल्टर, पोलरायझर, सगळ्यात जास्त काम करतो. तो सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ गडद करतो. तर्जनी सूर्याच्या दिशेला रोखायची, अंगठा काटकोनात उभा ठेवायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा आभाळात जिथून जिथून जातो तो गडद पट्टा. जानेवारीतल्या दुपारी दक्षिणेला सूर्य ४६ अंशांवर असताना हा पट्टा उत्तरेला ४४ अंशांवरून जातो, म्हणजे नेमका पतंगांच्या उंचीवरून. रंगीत फिल्मवरही आभाळ गडद करायला हा फिल्टर चालतो, कारण तो रंग न बघता उजेड अडवतो. दीड-दोन स्टॉप घेतो. फार रुंद लेन्सवर लावू नका, आभाळाचा एक कोपरा काळा आणि दुसरा फिका दिसतो.

पाण्यावरची चकाकीही तो काढतो, आणि इथे जपायला हवं. सुरसागरच्या कठड्यावरून पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन होईल असं खाली पाहिलं तर पोलरायझर फिरवता फिरवता पाण्यावरचं आभाळ विरघळतं आणि हिरवट गढूळ पाणी उघडं पडतं. तलावातल्या शंकराच्या उंच मूर्तीचं प्रतिबिंब टिपायला आलेल्याने ही काच खिशात ठेवलेली बरी. पाऊस पडून गेल्यावर सयाजीबागेत मात्र ती लावा. ओल्या पानांवरची पांढरी चमक गेली की हिरवा किती खोल असतो ते कळतं.

संध्याकाळ झाली, दिवे लागले, की रंगीत फिल्मचा खरा घोळ सुरू होतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा-नारिंगी; बाजारातली बहुतेक रंगीत फिल्म ५५०० केल्विनच्या, म्हणजे दुपारच्या उजेडासाठी बनवलेली असते. घरातला पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, मेणबत्ती १९०० च्या. आपला डोळा सावरून घेतो, फिल्म सावरत नाही, त्यामुळे बल्बखालचे फोटो नारिंगी येतात. त्यावर ८०ए नावाची निळी काच सांगतात. मी नवशिक्यांना ती घेऊ देत नाही. ती दोन स्टॉप खाते. दिवाणखान्यात आधीच १/३० ला जेमतेम भागत असतं, तिथे १/८ होणार, आणि माणूस हलणार. त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या, म्हणजे फिल्मच्या निळ्या थराला काहीतरी मिळेल, आणि उरलेलं स्कॅन करताना दुरुस्त करा. ट्यूबलाइटखाली हिरवी झाक येते, तिच्यासाठी गुलाबीसर काच असते, तिचंही हेच. दिवाळीच्या पणत्या आणि उत्तरायणाच्या रात्री पतंगाच्या दोरीला बांधून सोडलेले तुक्कल, म्हणजे कागदी कंदील, तर पिवळेच राहू द्यावेत. ते पांढरे केले तर रात्रच राहत नाही.

नवरात्रातल्या शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, मात्र दुरुस्ती चालत नाही. एका बाजूने ट्यूब, दुसऱ्या बाजूने एलईडी माळा, मधे देवीसमोरचा दिवा. एक काच तीन उजेडांना एकाच वेळी सावरू शकत नाही. तिथे मी कृष्णधवल ४०० ची फिल्म घालते, दोन स्टॉप पुश करून, म्हणजे कमी उजेड देऊन आणि तो भरून काढायला जास्त वेळ, डेव्हलप करते, आणि कुठलीही काच लावत नाही. काही रस्त्यांवर अजून जुने नारिंगी सोडियम दिवे आहेत, त्यांचंही असंच. त्या उजेडात निळा जवळपास नसतोच, मग कोणती काच निळा कुठून आणणार?

तेव्हा भाचीला मी शेवटी हे सांगितलं. पहिला रोल कोरा, ऊन आणि ओटे बघत. दुसऱ्यासाठी एकच ८ नंबरचा पिवळा, चांगल्या कंपनीचा, आणि त्यावर एकच दृश्य काच लावून आणि काच काढून असं जोडीने काढायचं, वहीत लिहून ठेवत. पोलरायझर पुढच्या वर्षी, सर्क्युलर जातीचा, म्हणजे पुढे ऑटोफोकस कॅमेरा आला तरी चालेल. लाल त्यानंतर, हौस उरली तर. चांदण्या करणारी आणि अर्धी रंगीत काच कधीच नको. त्या काचा प्रत्येक फोटोवर एकच गोष्ट करतात आणि चार फोटोंत जुन्या होतात. दोन फिल्टर एकावर एक चढवायचे नाहीत, कोपरे काळे पडतात. आपल्याजवळच्या सगळ्यात मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या मापाचा फिल्टर घ्यायचा आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग लावायची, म्हणजे प्रत्येक लेन्ससाठी वेगळी काच घ्यावी लागत नाही. माप लेन्सच्या पुढच्या कडेवर, काट मारलेल्या शून्याशेजारी मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचून, वहीत टिपून, मगच दुकानात जा.